डबा टीव्ही, मुस्तफा आणि २८८ रेघा

दोस्तांनो, या वेळचं पत्र आलंय पेडगावहून. म्हणीत वेड पांघरून ज्या पेडगावला जातात ते नव्हे बरं का. ते श्रीगोंद्याकडचं, असं म्हणतात. हे आपलं मराठवाड्यातलं, परभणी जिल्ह्यातलं. पत्र लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे आणि तिच्या घरी सध्या एक वाद चालू आहे.

घरात भिंतीवरचा नवा टीव्ही आलाय. त्यामुळे आजोबांचा २१ इंची रंगीत डबा टीव्ही दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला द्यायचा, असं बाबांनी ठरवलंय. आजोबा काही बोलत नाहीत, पण रोज त्यावरची धूळ पुसतात. तेवढ्यात मामानं रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर आणून दिला. त्यावर व्हिडिओ गेम पार्लरमधले जुने खेळ चालतात. बाईसाहेबांनी तो डबा टीव्हीला जोडला. बाबा म्हणाले, "नीट चालवून दाखव, मग ठेवू." पण ती लिहिते, "काका, चित्र येतं पण रंगच नाही. पॅकमॅन अंड्यासारखा दिसतो, मुस्तफा जाडा दिसतो. वरचे गुण कापले जातात. मधूनमधून चित्र अडखळतं. टीव्ही बिघडलाय का?"

नाही गं, टीव्ही ठणठणीत आहे. खेळ एका देशाच्या हिशोबानं चित्र काढतोय आणि टीव्ही दुसऱ्या देशाच्या हिशोबानं ते वाचतोय, एवढंच. हिशोब जुळवला की झालं.

आधी डब्याच्या पोटात काय चालतं ते बघू. पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनचे झोत निघतात आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळतात. जिथं आदळतात तिथं उजेड पडतो. हे झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतात, परत येतात, थोडं खाली सरकून दुसरी ओढतात. शेणानं अंगण सारवताना हात फिरतो ना, तसंच. आपल्याकडच्या पद्धतीला 'पाल' म्हणतात. तिच्यात एका चित्राच्या ६२५ रेघा, त्यातल्या ५७६ चित्राच्या. पण त्या एका दमात ओढत नाहीत. आधी एक सोडून एक अशा निम्म्या, मग मधल्या राहिलेल्या. असे निम्मे फेरे सेकंदाला ५०. पन्नासच का? आपल्या घरातली वीजही सेकंदाला ५० हेलकावे घेते, त्याच्याशी जुळतं घेतलेलं. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून त्यांच्या 'एनटीएससी' पद्धतीत फेरे ६० आणि रेघा ५२५.

आणि पार्लरमधले बहुतेक खेळ आले कुठून? जपान आणि अमेरिकेतून! पॅकमॅन १९८० चा, जपानच्या नामको कंपनीचा. ज्याला आपण सगळे 'मुस्तफा' म्हणतो त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पिवळी टोपी घालणारा मुस्तफा हा त्यातला चारांपैकी एक गडी, पण आपल्या पोरांनी अख्ख्या खेळाला त्याचंच नाव देऊन टाकलं. (आई-बाबांना विचारा. नाण्यासाठी कुणाचा खिसा चाचपला होता, तेही विचारा.) हे सगळे खेळ ६० च्या ठोक्यावर नाचणारे. आज ते छोट्या कॉम्प्युटरवर चालतात ते एम्युलेटरमुळे. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्यातला सर्वात नावाजलेला 'मेम' १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं सुरू केला.

आता रंग का गेला? रास्पबेरी पायच्या पिवळ्या पिनेतून निघणारं चित्र, तुम्ही काही सांगितलं नाही, तर एनटीएससी असतं. दोन्ही पद्धतींत उजेड-अंधाराची खबर सारख्याच रीतीनं जाते, म्हणून चित्र दिसतं. रंगाची खबर मात्र त्याच तारेतून एका वेगळ्या लहरीवर बसून जाते. एनटीएससीमध्ये ती लहर सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार वेळा हेलकावते, पालमध्ये सुमारे ४४ लाख ३० हजार वेळा. आपला टीव्ही ४४ लाखांच्या फलाटावर वाट बघतोय आणि रंगांची गाडी दुसऱ्याच फलाटावर लागलीय! ही रंग वेगळा पाठवण्याची युक्ती मुळात कृष्णधवल टीव्हीवाल्यांसाठी होती. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा जुने कृष्णधवल संच फेकावे लागले नाहीत, ते याचमुळे.

उपाय सोपा. पायच्या मेमरी कार्डात 'कॉन्फिग' नावाची मजकुराची फाईल असते. रेट्रोपायसारखी खेळांची सिस्टिम असेल तर तिच्यात 'एसडीटीव्ही मोड' या ओळीपुढे २ लिहायचं. २ म्हणजे पाल. तिथंच 'एसडीटीव्ही आस्पेक्ट' पुढे १ लिहायचं, म्हणजे पडदा ४ रुंद आणि ३ उंच आहे हे त्याला कळतं. चालू करताना एचडीएमआयची वायर काढून ठेव, नाहीतर तो तिकडेच चित्र पाठवतो. पाय चौथ्या पिढीचा असेल तर पिवळ्या पिनेचं चित्र आधी त्याच फाईलमध्ये चालू करून घ्यावं लागतं. आणि चित्राऐवजी नुसता घर्रर्र आवाज आला तर घाबरू नकोस. तीन पिनांच्या काही वायरींत आतली जोडणी वेगळी असते. पिवळ्या भोकात लाल किंवा पांढरी पीन घालून बघ.

पण थांब. २ लिहिण्याआधी टीव्हीच्या रिमोटवर मेनू उघडून 'सिस्टिम' किंवा 'कलर सिस्टिम' असं काही सापडतं का ते पाहा. नंतरच्या बऱ्याच संचांत तिथं 'ऑटो', 'पाल', 'एनटीएससी' असे पर्याय असतात. तुझ्या टीव्हीला एनटीएससीचा रंग समजत असेल तर लॉटरीच लागली म्हण. मग पालच्या नादी लागूच नकोस, कारण ६० ठोक्यांचा खेळ ६० ठोक्यांवर चालेल आणि अडखळणं आपोआप जाईल.

नसेल समजत, तर ५० मध्ये ६० बसवायचे आहेत. त्याचे दोनच मार्ग. एक, सेकंदाला दहा चित्रं गाळायची. खेळ वेगात चालतो, पण पळताना मागची भिंत दचकत दचकत सरकते. तू म्हणतेस ते अडखळणं हेच. दुसरा, खेळाची चाल पडद्याच्या ठोक्याशी बांधायची. हा पर्याय एम्युलेटरच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'व्ही-सिंक' नावानं असतो. मग चित्र लोण्यासारखं सरकतं, पण अख्खा खेळ एक षष्ठांशानं मंद होतो आणि आवाजही त्याबरोबर रेंगाळतो. मला दुसरा मार्ग आवडतो. मुस्तफाचे गुंड जरा सावकाश येतात, एवढंच! असे मिळवलेले गुण मामाच्या गुणांशी ताडून बघायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता रेघा. मला विचाराल तर खरी गंमत इथंच आहे. पार्लरच्या यंत्रात टीव्हीसारखीच ट्यूब असे, पण तिला निम्म्या-निम्म्या रेघांची भानगड नको होती. म्हणून दर फेऱ्याला झोत त्याच त्या जागी फिरवायचे. रेघा कमी, पण स्थिर, आणि मध्ये बारीक काळी फट. त्या काळच्या चित्रकारांनी मुस्तफाची टोपी, डायनासोरची कातडी या फटी धरूनच रंगवली. नव्या सपाट टीव्हीवर तेच चित्र नुसते चौकोनी ठोकळे दिसतात. म्हणून नव्या टीव्हीवाले एम्युलेटरमध्ये 'स्कॅनलाइन' नावाच्या खोट्या काळ्या रेघा लावून घेतात. तुझ्याकडे खऱ्या आहेत! खोट्या बंद कर, नाहीतर दोन्ही मिळून पडद्यावर विचित्र पट्टे उठतात. 'स्मूथ' किंवा 'फिल्टर' असेल तेही बंद.

मग त्या मोडच्या आकड्यात थोडा बदल करायचा. एनटीएससी चालत असेल तर १६, पाल असेल तर १८. यामुळे पायही त्याच जागी फेरे मारू लागतो. १६ मध्ये २४० रेघा मिळतात, १८ मध्ये २८८. मुस्तफाचं चित्र २२४ रेघांचं आहे. खेळाची एक रेघ म्हणजे टीव्हीची एक रेघ, असं ठेवायचं. 'इंटिजर स्केल' नावाचा पर्याय असतो तो हाच. २२४ ओढून-ताणून २४० केल्या तर काही रेघा जाड, काही बारीक होतात. १८ वर खेळत असशील तर वर-खाली काळी पट्टी राहील, मग चित्राची रुंदीही त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण ७८ टक्के कर.

जाडा मुस्तफा आणि अंडं पॅकमॅन यांचं दुखणं उलटसुलट आहे. मुस्तफाचं चित्र ३८४ ठिपके रुंद आणि २२४ उंच. ठिपका चौकोनी धरला तर चित्र फारच रुंद होतं. पण पार्लरमध्ये ते ४ ला ३ च्या पडद्यावर दाबून बसवलेलं असे. म्हणून 'चौकोनी ठिपके' बंद, '४ ला ३' चालू. पॅकमॅनच्या यंत्रात मात्र ट्यूबच आडवी पाडून बसवलेली होती, चित्र उभं. ते तुझ्या टीव्हीभर पसरलं की गोलाचं अंडं झालंच. त्याला ३ रुंद, ४ उंच असं ठेव. मग पडद्याची निम्म्याहून थोडी जास्त रुंदी वापरली जाईल, दोन्हीकडे काळं. टीव्हीच आडवा पाडू या, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका! वीसेक किलोचा तो डबा पायावर पडला तर खेळ तिथंच संपेल.

आणि पॅकमॅनची उंची किती असेल? २८८ रेघा. पालच्या एका फेऱ्यातही २८८! जपानी खेळ आणि आपला टीव्ही, एक रेघ इकडची तिकडे नाही. पण आनंद पुरता टिकत नाही. डबा टीव्ही चित्र मुद्दाम काचेपेक्षा थोडं मोठं काढतात. विजेचा दाब उतरला की जुन्या संचांत चित्र आक्रसायचं, मग कडेला काळं दिसू नये म्हणून ही सोय. खेड्यात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. यात वर-खाली प्रत्येकी चौदा-पंधरा रेघा काचेआड जाऊ शकतात. आणि पॅकमॅनमध्ये गुण असतात वरच्या १६ रेघांत, उरलेल्या लाइफ खालच्या १६ रेघांत. तुझे गुण कापले जातात ते असे.

फाईलमध्ये 'ओव्हरस्कॅन'च्या चार ओळी असतात, डावी, उजवी, वरची, खालची. प्रत्येकीत १६ पासून सुरुवात करून आकडा वाढवत गेलीस तर मेनूची अक्षरं आत येतील. मुस्तफालाही अडचण नाही. पॅकमॅनला मात्र इंचभरही जागा सोडायला उरलेली नाही. चित्र आत घ्यायचं तर ते दाबावं लागतं आणि रेघेला रेघ तुटते. तिथं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना घरी बोलवा. चित्राची उंची ते दोन मिनिटांत कमी करून देतात.

पण ते काम त्यांचंच. हे आई-बाबांनीही वाचावं. रंगीत पिक्चर ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो. मागचं झाकण मुलांनी उघडायचं नाही, स्क्रू ढिले करून डोकवायचंसुद्धा नाही. आणि टीव्ही भंगारात द्यायचाच झाला, तर तांब्याच्या वायरीसाठी ट्यूब फोडू देऊ नका. आत हवा नसते, त्यामुळे काचा जोरात उडतात, आणि काचेत शिसं असतं.

खेळांच्या फायलींबद्दल एक शब्द. मुस्तफा आणि पॅकमॅन जुने झाले तरी त्यांचे मालक आहेत. कुणीही वाटलेली फाईल घेणं कायद्यात बसत नाही. मामाला विचार, त्यानं कुठून आणल्या. मेम बनवणाऱ्यांनी काही जुने खेळ मालकांच्या परवानगीनं फुकट ठेवलेत. त्यातला 'ग्रिडली' हा १९८३ च्या सुमाराचा, कधी पार्लरपर्यंत पोचलाच नाही. सेटिंग जुळवायला तो उत्तम.

आजोबांचा संच कोणत्या कंपनीचा, ते तू लिहिलं नाहीस. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा मोठा कारखाना होता. तुमचाही तिथलाच असला तर नवल नाही. मागच्या झाकणावर एक पट्टी चिकटवलेली असते. ती बाहेरूनच वाच, प्लग काढून, आणि तिच्यावरचा मॉडेल नंबर आणि मेनूतल्या 'सिस्टिम'पुढे काय दिसतं ते पुढच्या पत्रात उतरवून पाठव. १६ लिहायचं की १८, ते त्यावरून नक्की सांगता येईल. पत्र लवकर टाक, दिवाळी जवळ आलीय.