अ‍ॅसिडिटीची गोळी: रक्तातून जाते, परिणाम मागे उरतो

"डॉक्टर, पोटात जळजळ झाली की पॅन्टोप्राझोल घेतो. फरक पडत नाही, मग आणखी एक घेतो." लालबाग-परळकडचे पेशंट हे नेहमी सांगतात. मी विचारतो, "खाण्याआधी की नंतर?" उत्तर ठरलेले: "वडापाव खाऊन त्रास झाला की!"

माझ्या मते यात गोळीपेक्षा वेळ जास्त चुकते. आणि ती चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे.

पॅरासिटामॉलचे रक्तातले प्रमाण उतरले की तिचा परिणामही ओसरतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांचे तसे नाही. रक्तातले त्यांचे प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते, काही तासांत औषध जवळजवळ संपते. तरी आम्ल दिवसभर कमी राहते. कारण जठरातल्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे 'प्रोटॉन पंप' असतात आणि औषध त्यांना कायमचे कुलूप लावते. कुलूप लावणारा निघून गेला तरी दार बंदच राहते. शरीर नवे पंप तयार करते तेव्हाच आम्ल पुन्हा वाढते.

मात्र कुलूप फक्त चालू पंपांनाच लागते आणि पंप चालू होतात खाण्याने. म्हणून गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. एका गोळीत सगळे पंप सापडत नाहीत. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर दुसरी गोळी घेऊन लगेच आराम मिळत नाही. त्या वेळी पातळ अँटासिड बरे. गोळी चावू किंवा कुटू नका, तिच्यावरचे आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवते.

आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या नावासोबत वेळ आणि बंद करण्याची तारीख लिहिलीच पाहिजे. अनेकांची आठ आठवड्यांची गोळी आठ वर्षे चालते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल काही काळ उसळते आणि पेशंटला वाटते, आता ही जन्मभराची. तसे नसते. पण रक्त पातळ करणाऱ्या किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. गिरगावच्या चाळीचा जिना चढताना छातीत जळजळत असेल, सोबत घाम किंवा दम लागत असेल, तर गोळी शोधत बसू नका. ताबडतोब हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढा. ती अ‍ॅसिडिटी नसून हृदयविकार असू शकतो.