मालेगांवचा कारागीर आणि रेखाचित्र

मालेगांवांत यंत्रमागांचा खडखडाट थांबला कीं बाजारहि थंडावतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. पण मागाचा एखादा भाग झिजला तर जुना तुकडा पुढें ठेवून त्याबरहुकूम नवा घडविण्याचीच चाल फार; मग झीजहि नव्यांत उतरते! अशा कारागिराच्या हाताला दोष नाहीं. त्यास आराखडा वाचण्यास कोणीं शिकविलें नाहीं, एवढेंच.

इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेंत घनभूमिति असते, परंतु बहुतेक पालकांचा डोळा दहावीच्या वाढीव गुणांवर. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर व टर्नर यांस रेखांकन शिकवितात खरें. प्रश्न आहे तो परीक्षेचा. स्वच्छ रेघ व सुबक अक्षर यांवर गुण देणें सोपें आहे. पण आपल्या देशांत प्रमाण मानलेल्या प्रथम कोन पद्धतींत वरून दिसणारी आकृति समोरच्या आकृतीखालीं येते, अमेरिकन पद्धतींत ती वर असते. हा भेद ज्यास उमगला नाहीं, तो परदेशी यंत्राचा भाग डाव्याचा उजवा करून ठेवील, मग त्याची रेघ कितीहि सुरेख असो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एका विद्यार्थ्यानें तुकडा मोजून आराखडा काढावा, दुसऱ्यानें मूळ तुकडा न पाहतां त्यावरून तो घडवावा, आणि परीक्षकानें व्हर्नियर लावून दोघांस गुण द्यावे. यास खर्च तो किती? मागवाल्यांनीं भंगारांत जाणारे सुटे भाग संस्थेकडे धाडले म्हणजे झालें.