आधी दिवा, मग रंग

दिवाळीच्या तोंडावर घराघरांत एक वाद हमखास झडतो : बाहेरच्या खोलीला मोतिया द्यायचा की बदामी? शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनांकडे सगळे डोळे बारीक करून बघतात आणि अखेर ज्याचा आवाज मोठा, त्याचा रंग भिंतीवर चढतो. साडी घेताना ती दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पारखणारी माणसे भिंतीच्या बाबतीत मात्र दुकानातल्या ट्यूबलाइटवर भरवसा ठेवतात, हे नवलच.

मोतिया काय, बदामी काय, मूळ पांढऱ्यात पिवळ्या-तांबड्याचा नुसता हात लागलेला असतो. पूर्वी चुन्यात थोडी पिवडी कालवली की काम भागे. एवढ्याशा रंगाला उजेड सहज फिरवतो. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या निळसर उजेडात मोतिया मळकट वाटतो. पश्चिमेच्या उन्हात बदामी संध्याकाळी नारिंगीकडे झुकतो. शहरात तर समोरच्या इमारतीचा रंगही न विचारता घरात येतो. रात्री 6500 केल्विनचा पांढराफटक एलईडी लावला, तर बदामीची ऊब संपली. 2700चा पिवळसर लावला, तर मोतियाच बदामी दिसू लागतो. हजारो रुपयांची रंगरंगोटी एका बल्बने उलटते. म्हणून दिवा आधी ठरवावा.

मग दोन्ही रंगांचे लहान डबे आणून मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारावेत. कडेला पांढरी पट्टी सोडावी, नाहीतर शेजारचा जुना रंग नजरेला फसवतो. पूर्ण वाळू द्यावे, कारण इमल्शन बहुधा वाळल्यावर गडद होते. पुठ्ठे खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावेत. चारही भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, त्यामुळे खोलीभर तोच रंग पुठ्ठ्यापेक्षा चढा दिसणार, हेही धरून चालावे. तरीही निर्णय होत नसेल, तर दोहोंतला फिका घ्यावा.

मतभेद उरलाच, तर मत मोजताना पाहुण्यांचा विचार नको आणि रंगाचे पैसे कोण देतो याचाही नको. ज्या माणसाचा सबंध दिवस त्या खोलीत जातो, त्याच्या वेळेला जो बरा दिसतो तोच रंग द्यावा. बहुतेक घरांत त्या माणसाला शेडकार्ड सगळ्यात शेवटी दाखवले जाते.