बहिणाबाईंचे कोल्हापूर

बहिणाबाई म्हटले की मराठी वाचकाला खानदेशातील चौधरींच्या ओव्या आठवतात. त्यांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षे, १६२८मध्ये, वेरूळजवळील देवगावी जन्मलेल्या संत बहिणाबाईंचा कोल्हापूरशी असलेला संबंध मात्र फारसा कोणी सांगत नाही. पोरवयातच त्यांचे लग्न वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी झाले. गाव सोडावे लागलेले हे ब्राह्मण कुटुंब भटकत कोल्हापुरात आले. येथेच जयरामस्वामींच्या कीर्तनांनी त्यांना भक्तीची ओढ लागली, आणि येथेच पतीने त्यांना बांधून मारले. ही हकीकत कोणा निंदकाने रचलेली नव्हे. खुद्द बहिणाबाईंनीच ती आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नमूद केली आहे.

भाविकांच्या स्मरणात राहिले ते त्यांच्यासवे कीर्तनाला येणारे वासरू. पतीचा संताप केवळ स्वभावदोष मानून भागणार नाही. वैदिकाचे घर मानावर चालते. त्या घरच्या स्त्रीने शूद्र गणल्या गेलेल्या तुकोबांना स्वप्नदृष्टान्ताने गुरू मानावे आणि लोकांनी नवऱ्याला वगळून तिच्या दर्शनाला यावे, यात त्याची प्रतिष्ठाच नव्हे, तर पोटापाण्याची घडीही धोक्यात होती.

युरोपातही चित्र फार निराळे नव्हते. विवाह नाकारणाऱ्या सिएनाच्या कॅथरीनला चर्चने १४६१मध्ये संतपद दिले. इंग्लंडातील मार्जरी केंप ही मात्र १४ मुलांची आई. भर मंदिरात आक्रोश करणारी, आपली कहाणी लेखनिकाकडून लिहवून घेणारी. तिच्या वाट्याला संतपद आले नाही, आणि तिच्या ग्रंथाचे हस्तलिखित उजेडात यायला १९३४ साल उजाडावे लागले. वारकऱ्यांनी बहिणाबाई, सोयराबाई अशा संसारी स्त्रियांना संत मानले, हे त्यांचे औदार्य खरेच. पण ते वाळवंटापुरते राहिले; उंबरठ्याच्या आत शिरले नाही.

पुढे आजारपणात पतीचे मन पालटले आणि बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही अभंग रचले. कीर्तनकारांना हाच भाग सोयीचा वाटतो. आदिशक्तीची उपासना करणाऱ्या याच शहरात एप्रिल २०१६मध्ये अंबाबाईच्या गाभाऱ्यातील स्त्रियांच्या प्रवेशावरून प्रकरण मारहाणीपर्यंत गेले होते. येथील शाळा-महाविद्यालयांतून बहिणाबाईंचे चरित्र शिकविताना वासराबरोबर त्या दोराचाही उल्लेख व्हावयास हवा.