पिशवीत भरलेली भीती

सायकलनं लांब जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सोबत काय काय घ्यायचं? मला विचाराल तर हा प्रश्न उलटा करावा. कशावाचून चालेल?

हे शहाणपण मला चोर्ला घाटानं शिकवलं. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पेडण्याहून पंढरपूरला सायकलनं निघालो. कॅरियरवरच्या दोन पिशव्यांचं वजन 17 किलो! देशांतर्गत विमानानं जाणाऱ्यालाही साधारण 15 किलोचीच मुभा असते. माझ्याकडे जीन्स होती, जाड टॉवेल होता, दोन ग्रंथ होते. शिवाय आईनं "आसूं दी रे, लागतलें" म्हणत लोणच्याची काचेची बरणी कोंबलेली. कोलवाळचा पूल, अस्नोडा, डिचोली, साखळी, केरी, इथवर काही वाटलं नाही. सपाटीवर वजन गप्प बसतं. चढावर मात्र प्रत्येक किलो आपल्यालाच वर न्यायचा असतो. घाटात चौथ्या वळणावर उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. बेळगावला नातेवाइकांकडे निम्मं सामान ठेवलं. पुढं त्यातल्या एकाही वस्तूची आठवण झाली नाही. लोणचं सोडून!

आता माझी यादी छोटी आहे. अंगावरचे सोडून कपड्यांचा एक जोड, चादर, पंचा, औषधं, पाणी. पंचा रात्री वाळत घातला की सकाळपर्यंत सुकतो. जाड टॉवेल ओलाच बांधावा लागतो, म्हणजे पाण्याचंही ओझं. काटकसर करू नये ती जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप आणि दिवे यांत. घाटात पंक्चरवाला भेटत नाही.

हल्ली हलकं सामान म्हणजे महागडं सामान असा समज झाला आहे. मला तो पटत नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलनं जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा 1928 मध्ये प्रवास पुरा करून परतले. आजचं हलकं कापड आणि हलक्या धातूच्या सायकली त्यांच्या नशिबी नव्हत्या.

आषाढीला गोव्यातूनही पायी दिंड्या पंढरपूरला जातात. दिंडीबरोबर सामानाची गाडी असते, हे कबूल. तरी वारकरी निघतो तो वाटेत कुणीतरी पाणी देईल, पाठ टेकायला ओसरी मिळेल, या भरवशावर. आमच्याकडे नेमका तोच नसतो. मग "लागलं तर?" असं म्हणत एकेक वस्तू पिशवीत जाते. आपण सामान नव्हे, भीती भरत असतो.

अलीकडे पुन्हा निघालो तेव्हा आईनं तीच बरणी पुढं केली. मी बरणी ठेवली, पण डबीभर लोणचं घेतलं. असो. एवढं ओझं मी हिशेबात धरत नाही.