मिशनची सेवा आणि आजीबाईंची शंका

दादरच्या पोर्तुगीज चर्चजवळील एका एकत्र कुटुंबांत सध्यां वाद चालला आहे. डॉक्टर झालेली नात ख्रिस्ती मिशनबरोबर दोन आठवडे केनियांत रुग्णसेवेस जाऊं म्हणते. आजीबाईंस भय धर्माचें. तें भय निराधार नाहीं, पण अपुरें मात्र आहे.

असाच परदेशी मिशनचा दाखला आपल्या मिरजेचा. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उभारलें. तेथें येशूची कथा कानीं पडते, हें ठाऊक असूनहि सोंवळें पाळणारीं माणसें शस्त्रक्रियेस तेथेंच गेलीं. कां? साहेब मराठी शिकले, इकडच्या तरुणांस त्यांनीं वैद्यक शिकविलें, आणि परतले ते १९२८ सालीं! (आमच्या आजोळीं मिरजेचा डॉक्टर म्हणजे शेवटचा शब्द असे.)

तेव्हां आजीबाईंनीं नातीस धर्माचें न विचारतां एवढेंच विचारावें: तेथील भाषा येते काय? आणि शेवटच्या दिवशीं शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णाचे टांके तूं निघून आल्यावर कोण काढणार? उत्तर तयार असेल, तर तिच्या शिदोरीस मेतकूट मी देईन.