फळा कोरा ठेवून

ज्या संमेलनात व्यासपीठ नाही, प्रमुख वक्ता नाही आणि कार्यक्रमपत्रिका आलेली माणसेच सकाळी फळ्यावर लिहितात, तसले संमेलन फक्त संगणकवाल्यांना जमते असा एक समज आहे. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत २००५ साली पहिला बारकॅम्प झाला, पुढच्याच वर्षी भारतातही बारकॅम्प भरू लागले, आणि तिथे प्रामुख्याने त्याच क्षेत्रातली मंडळी जमत असल्याने हा समज पक्का झाला.

पण ही रीत त्यांच्याही आधीची आहे. अमेरिकेतले हॅरिसन ओवेन हे मुळात धर्मोपदेशक. १९८३ साली त्यांनी वर्षभर खपून एक परिषद भरवली, आणि त्यातला सर्वांत उपयोगी भाग चहा-कॉफीच्या सुट्टीचा ठरला, हे त्यांच्यासह सगळ्यांनाच मान्य करावे लागले. म्हणून १९८५ मध्ये त्यांनी माणसे गोलात बसवली आणि विषय त्यांनाच मांडायला सांगितले. नियम एकच ठेवला: जिथे आपण शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जावे. त्याचा कुणी राग मानायचा नाही.

शिक्षकांनीही हे करून पाहिले आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ साली टीचमीट सुरू झाले. तिथे वर्गातला अनुभव सांगायला सात मिनिटे, नाहीतर दोनच. फिलाडेल्फियातल्या बारकॅम्पमध्ये भेटलेल्या काही शिक्षकांनी मे २०१० मध्ये पहिला एडकॅम्प भरवला. शुल्क नाही, बीजभाषण नाही. त्यातले सुरुवातीचे बरेच जण तंत्रज्ञानाची आवड असलेलेच होते, हे खरे. तरीही ती रीत तिथल्या साध्या वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचली.

मग आपल्याकडे काय अडते? केंद्राची शिक्षण परिषद भरते, माणसे जमतात, खोलीही असते. पण येणे आदेशाने, विषय वरून आलेला, शेवटी सही, फोटो आणि अहवाल. उठून जाण्याची मोकळीक नसेल तर बसणाऱ्याने ती जागा मनापासून निवडली की नाही, हे कळणारच नाही. माझ्या मते खरी अडचण याहून खोल आहे. प्रोग्राम लिहिणारा अर्धवट, बिघडलेले काम चारचौघांत ठेवतो, कारण त्याशिवाय ते दुरुस्त होत नाही. आपण मात्र ‘यशस्वी उपक्रम’च मांडतो. न जमलेला धडा सांगितला तर तो तपासणीत आपल्या नावावर चढेल, ही भीती खोटी नाही.

तिसरीच्या वर्गातले उदाहरण घ्या. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहिते. सातातून दोन, पाचातून दोन, मोठ्यातून लहान वजा केले की झाले. हातच्याची वजाबाकी शिकवूनही हे होते. काड्यांचा गठ्ठा सोडून दशक सुटा करताना मुलाला सगळे कळते आणि वहीत पुन्हा तीच चूक येते. काड्यांपासून वहीपर्यंतच्या वाटेत नेमके काय निसटते, हा प्रश्न घेऊन पाच शिक्षक मुलांच्या खऱ्या वह्या पुढ्यात ठेवून तासभर बसले, तर त्यांच्या हाती जे लागेल ते कुठल्याही चित्रफितीतून मिळणार नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सगळे समान म्हटल्यावर जो ठासून बोलतो तोच खरा ठरतो, आणि चुकीची युक्ती दहा शाळांत पसरते. म्हणून जाणकार हवाच, पण तो समोर नव्हे, गोलात बसावा आणि विचारल्यावर बोलावा. ‘हे तुमच्या कोणत्या मुलाला जमले, वही दाखवा’ असे म्हणण्याची प्रथा पाडावी. नव्याने रुजू झालेल्या, मागे बसणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न पहिला घ्यावा. नाहीतर फळा कोरा असूनही बोलणारी तोंडे नेहमीचीच राहतील.

वेळेचाही प्रश्न आहे. दुशिक्षकी शाळेतला एक जण निघाला की चारही वर्ग दुसऱ्यावर येतात. त्यामुळे शाळेचा दिवस नकोच. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचे दोन तास पुरे, जवळच्या चार-सहा शाळांपुरते. केंद्रप्रमुखांनी यायचे असेल तर नोंदवही न घेता यावे, आपल्या शिक्षकपणाच्या काळातला एखादा न सुटलेला प्रश्न घेऊन यावे. दरमहाच्या शिक्षण परिषदेतला निम्मा वेळ असा मोकळा ठेवण्याचा अधिकार त्यांना मिळाला, तर वेगळे काही उभारावेच लागणार नाही. ही मागणी आम्ही शिक्षण विभागाकडे करत आहोत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्यांना असे बसावेसे वाटते, त्यांनी बसावे. अहवाल पाठवू नका, छायाचित्रेही नकोत. तिथे न सुटलेले प्रश्न मुलांची नावे झाकून, वहीच्या पानासह आमच्याकडे पाठवा. जानेवारीच्या अंकात त्यांच्यासाठी आठ पाने राखली आहेत.